मावशी काही टाकत नाही

अवनीने माइक बंद केला नव्हता, झालं ते एवढंच. वैशाखातली रविवारची दुपार होती. मालिनीचे यजमान अण्णा सुरमईचं जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते, आणि मालिनी जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट लोणच्याच्या बरणीला टेकवून पोकर खेळत बसली होती. कानात ती बिनतारी इअरफोनची दोन बोंडं. तर त्या बोंडांतून एकदम दापोलीच्या हॉस्टेलमधला आवाज आला, सख्ख्या भाचीचा, अगदी निवांत आणि हसरा. "ईशा, मावशीला काय घाबरायचंय? मावशी काही टाकत नाही. तुझ्याकडे चांगली पानं आली की वाढवत जा नुसती, ती येते मागून. शेवटपर्यंत येते बिचारी." त्यावर दुसरीचं खिदळणं. मग कुणीतरी "अगं, माइक!" म्हणालं आणि सगळं चिडीचूप. मालिनी आधी हसली. खरंच हसली, कारण अवनीच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, आणि या पोरीला ती जन्मल्यापासून ओळखत होती. पुढच्या डावात ती ईशाच्या मागे शेवटपर्यंत गेली, हातात एक पंजी आणि एक नव्वी घेऊन, आणि सगळे चिप्स घालवून बाहेर पडली. मग टॅब्लेट बंद करून ती उठली, पाणी प्यायला फ्रीज उघडला, आणि दार हातात धरून तशीच उभी राहिली. आत वाट्या. कालच्या आमटीची, परवाच्या उसळीची, चार चमचे श्रीखंडाची, अर्ध्या कापलेल्या लिंबाची, कलिंगडाच्या पांढऱ्या गराच्या भाजीची. एका डबीत नारळाचा चव काढून उरलेली काळी साल, चटणीत घालायला. फ्रीझरमध्ये फणसाच्या सोललेल्या आठळ्यांच्या, म्हणजे बियांच्या, पिशव्या, एकीवर एक. मावशी काही टाकत नाही! बिचारी म्हणाली ती आपल्याला, मालिनीला आठवलं, आणि हसू कुठच्या कुठे गेलं.

आता हे पोकर तिच्या मागे कसं लागलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. मालिनीने तीस-एक वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाली तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी आता आराम करा, आराम करा म्हणून इतका घोशा लावला की पहिले सहा महिने ती धसका घेतल्यासारखी आराम करत होती. मग गणपतीत अवनी आली. ही धाकट्या बहिणीची मुलगी, दापोलीला कृषी विद्यापीठात काजूवर कसलंसं संशोधन करते. तिने मावशीला हा खेळ दाखवला. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मधे पाच पानं हळूहळू उघडतात, ती सगळ्यांची. दोन्ही मिळून ज्याचा संच भारी तो जिंकला, किंवा बाकीचे घाबरून उठले तर जो बसून राहिला तो जिंकला. दापोलीच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या गोतावळ्याने एक क्लब काढला होता. दर रविवारी दुपारी तीसेक जणांची छोटीशी स्पर्धा. चिप्स खोटे. पैशाचे असले खेळ आता बंदच झालेत, आणि नसते झाले तरी मालिनीने दमडी लावली नसती. पण बक्षीस होतं, आणि ते तिला अवनीने सांगितल्यापासून तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मार्गशीर्षात एक शेवटची स्पर्धा, त्यातले आठ जण दापोलीजवळ कर्द्याला दोन दिवस जमणार. समुद्रापाशी एका माजी विद्यार्थ्याचं घर, राहणं-जेवण त्याचं, आणि तिथे खरं टेबल, खरी पानं, हातात घेता येतील असे खरे चिप्स. पहिला आणि आठवा असा भेद नाही. आठात आलात की जागा तुमची, नववा आलात की घरी बसा. मालिनीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की स्वतःशी कबूल करायलाही तिला लाज वाटायची. आणि येऊन जाऊन तिचा नंबर कायम मधल्या गर्दीत कुठेतरी लागायचा.

गणित तिला येत होतं, हीच तर गंमत! दहावीला संभाव्यता शिकवून तिचा घसा बसला होता. सत्ती-दुर्री हातात आली तर जिंकण्याची शक्यता किती, हे ती झोपेत सांगू शकली असती. पण सत्ती-दुर्री हातात आली की तिला वाटायचं, असू दे, यातनं काहीतरी होईल. मधे अजून एक सत्ती पडेल. एखादी दुर्री पडेल. मिळालेली पानं न खेळता परत देऊन टाकायची म्हणजे काय? ताटात वाढलेलं न खाता उठल्यासारखं ते. आणि पत्ते तर ती शिकली होती विमलाआत्याकडून, सावर्ड्याच्या आत डोंगराकडे तिचं माहेर होतं तिथल्या पडवीत बसून. मेंढीकोट. मेंढीकोटमध्ये एकही पान वाया जात नाही. तेराच्या तेरा पानं आपापल्या वेळी खाली उतरतात, आणि हुकमाची असेल तर दुर्री भल्याभल्या एक्क्याला कापते. "ठेव गो ती, ठेव," आत्या म्हणायची. "तिचा पण दिवस येतो." आत्याच्या हातात सगळ्याचाच दिवस यायचा. काकडीच्या बियांचा, भोपळ्याच्या सालीचा, फाटक्या लुगड्याचा, तुटक्या छत्रीच्या काडीचा. आत्याला नवऱ्याने लग्नानंतर थोड्याच दिवसांत माहेरी आणून सोडली ती सोडलीच, आणि एका ट्रंकेनिशी आलेली ती बाई त्या घरात काही म्हणून फेकू द्यायची नाही. मालिनी तिच्या मांडीवर वाढली. माझा हा स्वभाव तिचाच, असं मालिनी अभिमानाने सगळ्यांना सांगत आलेली. आणि आता, फ्रीजचं दार धरून उभी असताना, पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की आत्या काटकसरी होती, पण आपण नुसत्याच घाबरट नाही ना?

अवनी पुढच्याच शनिवारी एसटीने आली. तोंड एवढंसं करून. येताना ओल्या काजूगरांची पिशवी आणली होती, म्हणजे अपराध मोठा होता. "मावशी, मी तसं म्हणाले नव्हते," ती दारातच म्हणाली. "तसंच म्हणालीस," मालिनी म्हणाली, "आणि बरोबर म्हणालीस. आत ये. आता मला टाकायला शिकव." अण्णांनी पेपर खाली केला. अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अख्ख्या माळनाक्याचे अण्णा. "तिला?" ते म्हणाले. "अगं अवनी, लग्नात आलेल्या प्रेशर कुकरची शिट्टी आहे आमच्याकडे. कुकर गेला, शिट्टी आहे." "दुसऱ्या कुकरला बसते ती," मालिनी म्हणाली. "बसवलीस कधी?" "वेळ आली की बसवीन." अवनी हसायला लागली आणि मग मालिनीलाही राहवलं नाही. त्या दुपारी दोघी टेबलाशी बसल्या. अवनीने एकच नियम घातला, पानं बघायची, आणि दहातल्या आठ वेळा लगेच टाकून द्यायची. विचार नाही, हळहळ नाही. टाकल्यावर मधे काय पडलं ते बघायचंसुद्धा नाही. हे शेवटचं फार अवघड गेलं. मालिनी तिर्री-अठ्ठी टाकायची आणि मधे नेमक्या दोन अठ्ठ्या पडायच्या, आणि तिच्या पोटात असं काही कालवायचं की काय सांगावं! "बघ, बघ, झालं असतं त्यातनं!" "मावशी, नऊ वेळा नसतं झालं." "पण आज झालं असतं." "मावशी, तूच शिकवलंस ना मला हे, सातवीत? नाणं उडवून?" शिकवलं होतं. दुसऱ्याची नाणी उडवायला काय जातं आपलं.

तर असा तो पावसाळा गेला. मालिनी टाकायला शिकली. एकदम नव्हे, हळूहळू, कण्हतकुंथत. पहिल्यांदा नुसती सत्ती-दुर्री, मग तिर्री-नव्वी, मग एकटादुकटा एक्का ज्याच्या सोबतीला काही धड नाही तो, मग गुलाम-दश्शी, जी दिसायला काय गोड दिसते. सगळ्यांत जड गेलं तिला पहिली दश्शी टाकताना, कारण मेंढीकोटमध्ये दश्शी म्हणजे सर्वस्व, चार दश्श्यांसाठीच तर तो खेळ. तिने तीही टाकली. पण नंबर वर सरकायला लागला, हे खरं. मधल्या गर्दीतून ती पहिल्या दहात यायला लागली, मग पाचात, आणि नारळीपौर्णिमा झाल्यावरच्या एका रविवारी चक्क पहिली आली. टॅब्लेटवर रंगीत कागदाचे कपटे पडले आणि एक टुकार पिपाणी वाजली. अण्णा घोरत होते. मालिनीला ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. ती मागच्या दारी गेली, तर बाबू नारळ पाडायला झाडावर चढलेला. "बाबू, पहिला नंबर आला!" ती खालून ओरडली. "कुणाचा, बाई? पोरीचा काय?" "माझा रे!" बाबू वर थांबला, त्याने कोयता कमरेला खोचला, आणि दोन्ही पायांनी झाड धरून वरच्या वर हात जोडले. "मग पेढे पायजेत, बाई." त्याला तिने पेढे दिले, आणि ते ताजे होते, तुम्हाला काय वाटलं?

पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. खेळात पानं टाकता यायला लागल्यापासून घरात तिचा हात मधेच थांबायचा. परवाची आमटी वाटीत काढता काढता ती वाटीकडे बघत राहायची. ही कोण खाणार आहे? मीच. का? टाकवत नाही म्हणून. असं मी आयुष्यात किती खाल्लं असेल, तिच्या मनात यायचं, स्वतःला नको असताना, केवळ कुणीतरी खायला हवं म्हणून? एकदा तिने आमटीची वाटी सरळ मोरीत उपडी केली. नळ सोडला. पिवळं पाणी गोल फिरून गेलं, आणि तिला धडधडायला लागलं, चोरी केल्यासारखं. अण्णा मागे उभे. "बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. "आमटी आंबली होती," ती म्हणाली. आंबली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना ती दूरवर भाट्याकडच्या समुद्राची नुसती रेघ बघत उभी राहिली आणि कर्द्याचा विचार करत राहिली. घर सोडून एकटी ती राहायला गेली होती, नाही असं नाही. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हाच ही अवनी झाली. सासूबाईंच्या ऑपरेशनला गेली होती मुंबईला. विमलाआत्याच्या शेवटच्या दिवसांत सावर्ड्याला गेली होती. प्रत्येक वेळी कुणाला तरी तिची गरज होती. कुणालाही गरज नसताना, कुणी आजारी नसताना, कुणी जन्मत वा मरत नसताना, दोन दिवस समुद्रापाशी पत्ते खेळायला जायचं, हे तिला इतकं चैनीचं वाटायचं की गालाला हात लावला तर गाल गरम लागायचे. आणि अण्णा म्हणत होते, "आपण जाऊ." अगदी पहिल्या दिवसापासून. "तू आठात ये, मग आपण जाऊ. तू खेळ, मी बसतो बाजूला. दापोलीला गाडी थेट जाते, परत हर्णैचा बाजार आहे, मासे काय मिळतात तिथे!" चांगला माणूस. बायकोच्या पत्त्यांची चेष्टा न करणारा नवरा शोधून बघा. तरी ते "आपण" ऐकलं की मालिनीला कुठेतरी बारीकसं टोचायचं, आणि का टोचतंय ते कळायचं नाही, आणि मग टोचतंय याचाच राग यायचा, स्वतःचा.

शेवटच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून तिला काही सुचेना. भाताला दोनदा पाणी घातलं. अण्णांनी स्वतः कालवण गरम केलं आणि "लढ" म्हणून आत झोपायला गेले. अवनीने फोन करून सांगितलं होतं की आज ती स्वतः खेळत नाही, नुसती बघणार, कारण मावशीच्या टेबलावर आली तर मावशीलाच हरवावं लागेल. "आणि मावशी, आज पहिलं यायचं नाहीये हं. आठवं यायचंय. लक्षात ठेव." मालिनीने लक्षात ठेवलं. चाळीसेक जण होते, त्यांचे तीस झाले, तिसाचे वीस झाले, विसाचे बारा, आणि ती टाकत राहिली, टाकत राहिली, मधेच एखादा डाव घ्यायची, पुन्हा टाकत राहायची. असं करता करता नऊ उरले. एक टेबल, नऊ नावं. नऊतला एक गेला की बाकीचे आठ कर्द्याला. मालिनीकडे चिप्सचा बऱ्यापैकी ढीग होता, तिसऱ्या नंबरचा. तिच्या समोर सगळ्यांत मोठा ढीग घेऊन बसले होते देवरूखचे भागोजी, म्हणजे त्या खिदळणाऱ्या ईशाचे आजोबा. जन्मभर एसटी चालवली होती त्यांनी आणि घाटात गाडी घालावी तसे ते पत्ते खेळायचे, हॉर्न वाजवत. आणि तळाला ऋत्विक नावाचा एक मुलगा होता, त्याच्याकडे इतके थोडे चिप्स उरले होते की पुढच्या डावात पाळीने सक्तीने मधे ठेवायचे असतात त्यातच ते संपणार होते. मालिनीने हे सगळं बघितलं, आणि मग स्वतःची पानं बघितली. दोन राजे. एक इस्पिकचा, एक बदामचा. दुपारभर सत्त्या-दुऱ्या टाकून टाकून हात दुखला होता, आणि आता आले होते दोन राजे, शेजारी शेजारी, मिशा पिळत.

तेवढ्यात भागोजींनी सगळेच्या सगळे चिप्स मधे लोटले. धाडकन. बाकीचे एकेक करून उठले, आणि टेबलावर राहिले भागोजी आणि ती. खाली चॅटमध्ये अक्षरं उमटली, "काय ताई, येताव काय?" घड्याळाची निळी रेघ आखडायला लागली. आणि मालिनीच्या डोक्यात गणिताची बाई ताडकन उभी राहिली. दोन राजांवर दहातल्या आठ वेळा तू जिंकशील. बरोबर. जिंकून काय मिळेल? चिप्स मिळतील, खूप चिप्स. चिप्सचं काय करणार? काही नाही, जागा तीच, पहिल्याला तीच आणि आठव्याला तीच. आणि उरलेल्या दोन वेळा? सगळे चिप्स जातील, घरी. ऋत्विक तर जातोच आहे पुढच्या डावात. मग टाक. टाक? दोन राजे टाक? आमटी टाकणं वेगळं, आंबलेलं, उरलेलं, नासकं टाकणं वेगळं. चांगलं कसं टाकायचं? मेहनतीने टाकायला शिकले ती वाईट पानं, चांगली टाकायला कुणी शिकवलंच नाही मला, तिला वाटलं. आणि नेमकं तेव्हाच, कुठून कोण जाणे, तिला विमलाआत्याचा हात दिसला, पत्त्यांचा पंखा धरलेला. शेणाने सारवलेली पडवी, उन्हाची तिरीप, आणि अंगणात उभा असलेला पांढऱ्या शर्टाचा माणूस. पन्नासेक वर्षांत तिला तो आठवला नव्हता. मनगटावर घड्याळ, हातात मिठाईचा पुडा, मुंबईला चांगल्या नोकरीत असलेला. आत्याचा नवरा. सोडून गेलेला तो, न्यायला आला होता. घरात नुसती धावाधाव. आजोबा उघड्या अंगावर उपरणं घेत बाहेर आले, आईने आनंदाने आत रडायला सुरुवात केली, शेजारणी वईच्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. तो पुढे आला आणि खाली बघत म्हणाला, चुकलं माझं, घरी चल. वाईट नव्हता दिसत. सहा-सात वर्षांच्या मालिनीला तर तो फारच आवडला होता, त्या पुड्यामुळे. आत्याने पत्त्यांवरून नजर उचलली, त्याच्याकडे पूर्ण बघून घेतलं, आणि म्हणाली, "बसा. चहा घ्या. मग सावर्ड्याहून गाडी आहे, ती मिळेल तुम्हाला." आणि पानं सारखी करून, "मालू, उतारी तुझी."

तो चहा पिऊन गेला. आईने मग स्वयंपाकघरात आत्याला धरलं. अहो वन्सं, काय केलंत हे, चांगला होता हो माणूस आता, स्वतःहून आला होता. आत्या त्याची कपबशी विसळत होती. "चांगलाच आहे," ती म्हणाली. "मी वाईट कुठे म्हटलं? पण माझं भागतंय गो." आणि कपबशी पुसून फळीवर लावून टाकली, आणि येऊन पुन्हा खेळायला बसली, आणि त्या डावात चारही दश्श्या तिने आणि मालिनीने मिळून उचलल्या. जिने आयुष्यात एक आठळी फेकली नाही, तिने एक अख्खा चांगला नवरा परत पाठवला. आणि तिच्या मांडीवर वाढून मी काय शिकले? आठळ्या! मालिनीला टेबलावर हात आपटून हसावंसं वाटलं. निळी रेघ आता नखाएवढी उरली होती. तिने आपल्या चिप्सच्या ढिगाकडे बघितलं. "माझं भागतंय," ती मोठ्याने म्हणाली, लोणच्याच्या बरणीला, आणि बोट टेकवून दोन राजे टाकून दिले.

कानातल्या बोंडांतून अवनी किंचाळली. "मावशी! काय टाकलंस? काय होतं?" "दोन राजे." "तू," अवनीचा आवाज एकदम बारीक झाला, "तू राजे टाकलेस? मला नसते टाकवले गं." तेवढ्यात भागोजींनी आपली पानं उघडून दाखवली, दाखवायची काही गरज नसताना, केवळ मिरवायला. सत्ती आणि दुर्री. "घाबरलाव ना ताई!" खाली अक्षरं आली, आणि हसऱ्या तोंडांची एक रांग. अख्खा गोतावळा हसत असणार, मालिनीला कळत होतं. सत्ती-दुर्रीने दोन राजांना उठवलं! आणि तिलाच सगळ्यांत जास्त हसू आलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, पदर तोंडात कोंबावा लागला अण्णा उठतील म्हणून. तिला जराही हळहळ वाटत नव्हती. ती शोधत होती हळहळ, नेहमीच्या जागी, पोटात, आणि तिथे काहीच नव्हतं. पुढच्या डावात ऋत्विकचे उरलेसुरले चिप्स गेले, बिचाऱ्याने "सगळ्यांना शुभेच्छा" लिहिलं, आणि टॅब्लेटवर कागदाचे कपटे पडायला लागले. आठ नावं. तिसरं मालिनीचं. अवनी तिकडे नाचत होती, तिच्या मागे कोण कोण पोरी ओरडत होत्या, आणि त्यांच्यात ते खिदळणं पण होतं, ईशाचं, "मावशी, दोन राजे!" असं ओरडणारं.

तिने बोंडं काढून ठेवली तशी पिपाणी आणि पोरींचा आरडाओरडा टॅब्लेटमधून घुमला, आणि अण्णा उठलेच. लुंगी सावरत बाहेर आले, बायकोचा चेहरा बघितला, आणि काही न विचारता दोन्ही हात वर केले. "आलीस!" "आले." "वा गं वा माझी पठ्ठी!" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, खरोखर खूश होऊन, आणि लगेच चष्मा शोधायला लागले. "थांब, गाडीचं बघतो. शनिवारची सकाळची बरी, काय? आपण काय करू, शुक्रवारीच बॅग भरून ठेवू. मी ते हर्णैचं..." "अहो," मालिनी म्हणाली. ती उठून ओट्याशी गेली होती आणि चहाचं आधण ठेवत होती. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका साधा होता तो. "बसा. चहा घ्या. कर्द्याला मी एकटी जाणार आहे." अण्णा चष्मा हातात घेऊन थांबले. "एकटी म्हणजे?" "म्हणजे एकटीच. अवनी येईल स्टँडवर न्यायला." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा टेबलावर ठेवला, आणि जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मी काय वाईट केलं?" मालिनीने आलं ठेचता ठेचता मागे वळून त्यांच्याकडे पूर्ण बघून घेतलं. पांढरे केस विसकटलेले, उशीचा वळ गालावर, इतक्या वर्षांचा हा चांगला माणूस. तिला त्यांच्याबद्दल खूप माया वाटली, त्या क्षणी नेहमीपेक्षा जास्तच. "तुम्ही चांगलेच आहात," ती म्हणाली. "मी वाईट कुठे म्हटलं?"

अण्णांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले, "राजे टाकलेस म्हणे. अवनी ओरडत होती ते आत ऐकू आलं मला." "टाकले." "दोन्ही?" "दोन्ही." त्यांनी मान हलवली, आणि त्यात थोडं कौतुक होतं, थोडी धास्ती. मग त्यांना एकदम आठवलं. "आणि दोन दिवस मी जेवणार काय? फ्रीजमधलंच ना?" "फ्रीज रिकामा करून जाणार आहे मी," मालिनी म्हणाली. "सगळ्या वाट्या. ताजं करून जेवा, तांदूळ कुठे आहेत ते माहितीय तुम्हाला. नाहीतर खानावळीत जा, ऐश करा." अण्णा उठले. त्यांनी फ्रीजचं दार उघडलं, खालपासून वरपर्यंत त्या सगळ्या वाट्यांवर नजर फिरवली, शेवटी वरचा कप्पा उघडून आत हात घातला, आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात विचारलं, "आठळ्या पण टाकणार?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" मालिनी म्हणाली. "आठळ्या कोण टाकतं!"